गॅरेजवरच्या खोलीतला सेन्सर गप्प का होतो?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. शिक्षक घडवणाऱ्या तिथल्या शाळेत १८८०च्या सुमारास वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक शिकवत. हिवाळ्यात शाळेला ऊब मिळायची तळघरातून. कुठला वर्ग गार पडलाय आणि कुठला तापलाय हे कळायला तिथल्या शिपायाकडे एकच मार्ग होता. वर्ग चालू असताना दार उघडून आत यायचं, तापमापक बघायचा आणि पुन्हा तळघरात उतरून झडपा हलवायच्या. जॉन्सन यांनी यावर तोड काढली. त्यांनी खोलीत दोन धातूंची एक गुंडाळी बसवली. तापमान बदललं की ती वळायची, विजेची जोडणी पूर्ण व्हायची आणि खाली घंटा वाजायची. या यंत्राचं पेटंट त्यांना १८८३ साली मिळालं. दोनच वर्षांनी मिल्वॉकी शहरात त्यांनी कंपनी काढली. जॉन्सन कंट्रोल्स या नावाने ती आजही चालू आहे.

म्हणजे दूरच्या खोलीची खबर भट्टीपर्यंत पोचवायची कशी, या प्रश्नातूनच खोलीचा विजेवर चालणारा थर्मोस्टॅट पुढे आला. भिंतीवरची सुंदर तबकडी, मोबाइलवरचे आलेख, घरी कोणी नसताना आपोआप उतरणारं तापमान, हे सगळं फार नंतरचं. आज टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एखाद्या मराठी घरात जानेवारीच्या रात्री मोबाइलवर ‘सेन्सर जोडलेला नाही’ अशी सूचना झळकते, तेव्हा अडलेलं काम तेच असतं. फरक इतकाच, की आता तार नाही. आणि तार नसताना ही खबर मुळात पोचते कशी, हे एकदा कळलं की ती का पोचत नाही हेही बरंचसं उमगतं.

तिकडच्या घरांची रचना आधी डोळ्यांपुढे आणू. गॅसवर चालणारी फर्नेस बेसमेंटमध्ये असते. तिथून पत्र्याचे डक्ट भिंतींमधून वर जातात आणि प्रत्येक खोलीत व्हेंटमधून गरम हवा येते. थर्मोस्टॅट बहुधा खालच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये असतो, म्हणजे घरातल्या सगळ्यात निवाऱ्याच्या जागी. आणि सगळ्यात गार खोली असते गॅरेजच्या डोक्यावरची, कारण तिच्या पायाखाली न तापवलेली जागा असते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट समाधानी आणि वर पोरं दोन पांघरुणांत, ही तिकडची नेहमीची तक्रार. टोरोंटोच्या इकोबी कंपनीने २०१४ साली थर्मोस्टॅटबरोबर एक छोटा बिनतारी सेन्सर दिला तो यासाठीच. गूगलच्या नेस्टचा सेन्सर २०१८ मध्ये आला.

आता एक साधी बेरीज करून पाहा. सगळ्या सेन्सरांची सरासरी धरणाऱ्या थर्मोस्टॅटवर तापमान २० अंशांवर लावलंय. पॅसेज २१ अंश, बैठकीची खोली साडेवीस, गॅरेजवरची खोली साडेसतरा. तिन्हींची सरासरी १९.७ येते. ती वीसच्या खाली आहे, म्हणून फर्नेस चालू राहते. रात्री दोन वाजता गॅरेजवरचा सेन्सर गप्प होतो. उरलेल्या दोघांची सरासरी २०.७५. थर्मोस्टॅटच्या हिशेबाने घर उबदार झालं! फर्नेस बंद होते आणि ज्या खोलीला उबेची सर्वाधिक गरज होती तीच आणखी गारठते. सकाळी घरातले लोक फर्नेस दुरुस्त करणाऱ्याला फोन लावतात. तो येतो, तपासतो, सगळं ठीक आहे म्हणून सांगतो आणि भेटीचे पैसे घेऊन जातो. फर्नेस खरंच ठीक असते. बिघाड असतो हिशेबातून गळालेल्या एका आकड्यात. म्हणून घर अचानक गार किंवा गरम झालं, तर फर्नेसकडे जाण्याआधी सेन्सरांची यादी उघडून बघावी. प्रत्येकासमोर आकडा आहे का, आणि तो पटण्यासारखा आहे का?

हा आकडा तयार होतो त्या जागी मायकेल फॅरडे उभे आहेत. १८३३ साली लंडनमध्ये सिल्व्हर सल्फाइड हा पदार्थ तापवताना त्यांना एक उलटी गोष्ट दिसली. धातू तापले की विजेला जास्त अडवतात. हा पदार्थ तापला की कमी अडवायला लागला. त्या गुणधर्माचा उपयोग व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली, पण आज असंख्य घरगुती सेन्सरांत त्याच जातीचा थर्मिस्टर बसलेला असतो, मोहरीच्या दाण्याएवढा. नेहमी वापरला जाणारा थर्मिस्टर २५ अंशांना १० हजार ओहम रोध दाखवतो. २० अंशांना तोच रोध साडेबारा हजारांच्या घरात जातो. एका अंशाला सुमारे चार टक्के फरक, म्हणून अंशाचा दहावा हिस्साही सहज टिपता येतो. आपल्या हाताच्या तळव्याला जो फरक कधीच कळणार नाही, तो या दाण्याला कळतो.

मात्र त्याला कळतं ते फक्त तो जिथे आहे तिथलं. खोलीचं म्हणून एक तापमान आपण धरून चालतो, पण तसं एक तापमान नसतंच. छताजवळची हवा आणि जमिनीलगतची हवा यांत काही अंशांचा फरक सहज असतो. बाहेरच्या भिंतीवर टांगलेला सेन्सर त्या भिंतीचा गारवा सांगतो. टीव्हीच्या वर ठेवलेला टीव्हीची ऊब सांगतो, आणि दुपारी तिरपं ऊन ज्याच्यावर पडतं तो सूर्याची सांगतो. यातला कोणीही खोटं बोलत नाही. खुद्द थर्मोस्टॅटच्या मागेही एक भोक असतं, तारा आत येण्यासाठी पाडलेलं. भिंतीच्या पोकळीतली गार हवा त्यातून पाठीवर येत राहते. ते भोक साध्या पुट्टीने बुजवलं की वाचन सुधारल्याचा अनुभव अनेकांना येतो. सेन्सरसाठी चांगली जागा म्हणजे आतली भिंत, साधारण छातीच्या उंचीवर, व्हेंट आणि खिडकी दोन्हींपासून लांब. पलंगाशेजारचं कपाट बहुतेक वेळा उत्तम ठरतं, कारण माणूस झोपतो त्याच उंचीचं तापमान तिथे मिळतं.

आता या कहाणीतला मला सगळ्यात थक्क करणारा भाग, तो बटन सेल. सीआर २०३२ हा सेल सगळ्यांच्या पाहण्यातला. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, त्याच्या नावातच मापं लिहिलेली आहेत. त्यात सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास वीज असते, ३ व्होल्टवर. एवढ्या ऊर्जेवर ६० वॅटचा जुना बल्ब जेमतेम ४० सेकंद जळेल. आणि तेवढ्याच शिदोरीवर सेन्सर वर्ष-दोन वर्षं काम करतो! दोन वर्षं पुरवायची तर सरासरी प्रवाह १३ मायक्रोअँपिअरच्या वर जाऊन चालत नाही. त्यासाठी तो जवळजवळ सतत झोपलेला असतो. मधूनमधून जागा होतो, थर्मिस्टर वाचतो, काही मिलिसेकंदांत आकडा हवेत सोडतो आणि परत झोपतो. रेडिओ जागा असतानाच्या त्या क्षणात मात्र त्याला झोपेतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त प्रवाह लागतो.

जुना सेल नेमका याच क्षणी दगा देतो. सेल म्हातारा होतो तशी त्याच्या आतली अडवणूक वाढते. नव्या सेलमध्ये ती दहा-वीस ओहम असेल, तर उतरत चाललेल्यात पन्नासच्याही पुढे जाते. २० मिलिअँपिअर प्रवाह ओढला की पन्नास ओहमपोटी पूर्ण एक व्होल्ट आतच खर्च होतो. तीनचे दोन राहतात आणि चिप बंद पडते. तुम्ही सेल काढून मल्टिमीटर लावता, तर तो ऐटीत ३ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही. त्यात थंडी ही अडवणूक आणखी वाढवते. म्हणून खिडकीतला सेन्सर दिवसा बोलतो आणि पहाटे गप्प बसतो, नेमका जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हा. मीटर काहीही म्हणो, शंका आली की नवा सेल घालून बघावा. तोही आपल्या सेन्सरला लागतो तोच. इकोबीच्या जुन्या सेन्सरात सीआर २०३२ चालतो, नव्या स्मार्टसेन्सरात जाडजूड सीआर २४७७ लागतो, आणि नेस्टच्या सेन्सरात तर नळकांड्याच्या आकाराचा सीआर २. आणखी एक बारकावा आहे. लहान मुलांनी सेल तोंडात घातला तर लगेच थुंकावा म्हणून काही कंपन्या त्यावर कडू लेप देतात. लेप चांगल्या हेतूने दिलेला असतो, पण काही उपकरणांत तो स्पर्शबिंदूच्या आड येतो आणि कोरा करकरीत सेलही लागत नाही. तसं वाटलं तर लेप नसलेला सेल घालून खात्री करावी.

सेलच्या जोरावर सेन्सरमधून निघालेली रेडिओची लाट पुढे काय काय सोसते ते पाहू. इकोबीचे सेन्सर ९१५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतात, नेस्टचा सेन्सर ब्लूटूथवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झला. अशा सेन्सरातून बाहेर पडणारी शक्ती धरा एक मिलिवॅट. चांगला रिसीव्हर त्यातला एक हजार कोटीवा भाग पोचला तरी आकडा बिनचूक वाचू शकतो. एका मिलिवॅटचे हजार कोटी तुकडे करा आणि त्यातला एक उचला. तेवढ्यावर ‘साडेसतरा अंश’ हा निरोप पक्का पोचतो! १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा विनातार वाजवून दाखवली, तेव्हा लोक अवाक् झाले होते. जॉन्सन यांच्या तारेच्या घंटेला तेव्हा पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती. आज आपल्या घरात तोच चमत्कार दर काही मिनिटांनी होतो आणि तो थांबला तरच आपलं लक्ष जातं.

लाकडी चौकटीवर ड्रायवॉल ठोकून केलेल्या भिंती या लाटांना फारशा नडत नाहीत. नडतो तो धातू. आणि इथे फॅरडे दुसऱ्यांदा भेटतात. १८३६ साली त्यांनी बारा फुटी चौकोनी खोली धातूने मढवली, तिच्यावर बाहेरून जबर विद्युतभार चढवला आणि मोजमापाची साधनं घेऊन स्वतः आत जाऊन बसले. आत काहीही जाणवलं नाही. धातूच्या आवरणाच्या आत बाहेरच्या विजेचा प्रभाव पोचत नाही, हे त्यांनी असं सिद्ध केलं. रेडिओलहरींनाही धातूचं आवरण असंच रोखतं. म्हणजे ज्यांच्या शोधामुळे सेन्सरला तापमान कळतं, त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात तो मुका का होतो हेही सांगून ठेवलंय. हा योगायोग मला फार आवडतो.

तिकडच्या घरात असं धातूचं आवरण आपण समजतो त्यापेक्षा जास्त ठिकाणी दडलेलं असतं. भिंतीतून गेलेले पत्र्याचे डक्ट, फ्रिजची पाठ, कपाटाच्या सरकत्या दारावरचा भलामोठा आरसा, चकाकत्या फॉइलचं इन्सुलेशन. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काही घरांत तर गिलाव्याखाली तारेची जाळी असते, आणि मग प्रत्येक भिंत म्हणजे जवळजवळ फॅरडेंची ती खोली. सेन्सर आणि थर्मोस्टॅट यांच्यामध्ये मनातल्या मनात एक सरळ रेषा ओढा आणि ती कशाकशातून जाते ते पाहा. अंतर दहा-बारा मीटरच असेल, पण रेषा फ्रिजमधून जात असेल तर छापील पल्ल्याला काही अर्थ उरत नाही. कंपन्या पन्नास-साठ फूट लिहितात ते मोकळ्या जागेतलं समजावं.

याहून नवलाची गोष्ट अशी, की मध्ये काहीही नसताना, जवळच्या अंतरावरही, एखादी जागा बधिर निघते. विहिरीत एकाच वेळी दोन खडे टाकले तर दोन तरंगचक्रं एकमेकांत शिरतात. काही ठिकाणी पाणी दुप्पट उसळतं आणि काही ठिकाणी अगदी निश्चल राहतं. घरातही सरळ आलेली लाट आणि भिंतीवरून, आरशावरून परतलेली लाट अशाच एकमेकींत मिसळतात. ९१५ मेगाहर्ट्‌झच्या लाटेची लांबी ३३ सेंटिमीटर. दोघी जिथे उलट्या पावलात भेटतात तिथे एकमेकींना जवळपास पुसून टाकतात. आणि तिथून आठ-दहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं, सेन्सर सरकवला की निरोप खणखणीत पोचायला लागतो. ब्लूटूथची लाट साडेबारा सेंटिमीटरची, तिथे तर तीन सेंटिमीटरही पुरतात. सेन्सर ‘काल चालत होता, आज चालत नाही, आणि आम्ही काहीच बदललं नाही’ असं सांगणाऱ्या घरात बहुधा एखादी खुर्ची, आरसा किंवा ख्रिसमसचं झाड हललेलं असतं. बिघडलाय म्हणून परत पाठवण्याआधी सेन्सर जरा सरकवून पाहावा. याहून स्वस्त दुरुस्ती मला माहीत नाही.

तेव्हा दोष कुठे आहे हे शोधताना दोनच प्रश्न पुरतात, असं माझं मत आहे. पहिला: एकच सेन्सर गेला की सगळे एकदम गेले? एकच गेला असेल तर सेल, जागा आणि मधला धातू बघा. सगळे एकदम गेले असतील तर सेन्सरांना हात लावू नका, थर्मोस्टॅटकडे जा. त्याला फर्नेसमधून २४ व्होल्ट वीज मिळते. परतीची सी नावाची तार सैल असेल किंवा जोडलेलीच नसेल, तर थर्मोस्टॅट अर्धपोटी राहतो आणि त्याचा रेडिओ, वायफाय मध्येच गळपटतो. फर्नेसमध्ये साचलेल्या पाण्यामुळे सुरक्षेचा स्विच पडला तरी अनेक घरांत थर्मोस्टॅटची वीज जाते. तारांना हात लावण्यापूर्वी फर्नेसचा मुख्य स्विच बंद करायचा, हे पथ्य पाळावंच.

दुसरा प्रश्न: तो केव्हा गप्प होतो? वेळ फार बोलकी असते. पहाटे होत असेल तर गारठलेला सेल. जेवणाच्या वेळी होत असेल आणि सेन्सर ब्लूटूथचा असेल, तर मायक्रोवेव्ह ओव्हन, तो २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि त्याच्या दाराशी निसटणारी चिमूटभर गळतीही मिलिवॅटच्या निरोपाला भारी पडते. नवीन राउटर आल्यापासून किंवा त्याला यूएसबी ३ची हार्ड डिस्क जोडल्यापासून होत असेल तर तिकडे संशय घ्या. अशा केबलींतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने स्वतःच २०१२ मध्ये मांडलंय. राउटर आणि थर्मोस्टॅट यांत दोन-तीन मीटरचं अंतर ठेवलं की पुष्कळदा भागतं.

काही सेन्सरांना माणसाची चाहूलही लागते, आणि त्यावरून होणारे गैरसमज वेगळेच असतात. आपल्या त्वचेतून सतत उष्णतेचे किरण निघत असतात, साधारण दहा मायक्रोमीटर लांबीचे. ते टिपायला सेन्सरच्या तोंडावर पांढरट प्लॅस्टिकची खाचा पाडलेली चकती असते. ऑगस्तँ फ्रेनेल यांनी १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात जे भिंग बसवलं, त्याच तत्त्वावरची. मागचा स्फटिक मात्र फक्त बदल ओळखतो. आजी खुर्चीत शांतपणे पोथी वाचत बसल्या असतील तर त्याच्या लेखी खोलीत कोणी नाही. मग थर्मोस्टॅट घर रिकामं धरतो आणि ऊब उतरवतो. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. घरात वयस्कर माणसं असतील तर ‘घरी कोणी नाही’ हे आपोआप ठरवण्याची सोय बंद ठेवणंच योग्य.

सगळं पाहूनही सेन्सर बोलेना, तर सेल काढून मिनिटभर थांबा आणि पुन्हा घाला. तरी नाही, तर यादीतून त्याला काढून टाका आणि थर्मोस्टॅटच्या अगदी जवळ आणून नव्याने जोडा. जवळ चालतो आणि खोलीत नाही, म्हणजे दोष वाटेत. जवळही चालत नाही, म्हणजे दोष त्याच्यात. तेव्हा मात्र बदलून घ्यावा.

तिकडून सुटीवर येताना असा सेन्सर पुण्याला किंवा नाशिकला भेट म्हणून आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. अमेरिका-कॅनडात खुला असलेला ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात तसा खुला नाही. त्याचा काही भाग इथे मोबाइल फोनसाठी वापरला जातो आणि घरगुती बिनतारी उपकरणांसाठी ८६५ मेगाहर्ट्‌झपासूनचा वेगळा पट्टा आहे.

आणि शेवटी एक कळकळीची विनंती. सेन्सरातून काढलेला जुना बटन सेल टेबलावर ठेवून देऊ नका. सेन्सरला नकोसा झालेल्या त्या सेलमध्ये लहान मुलाच्या अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा करण्याइतकी वीज शिल्लक असते. काढल्याबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात नेऊन द्या. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.